टॉवरला हाक आणि दाव्याची भाषा

सिंहस्थात रामघाटावर असंख्य मोबाइल एकाच वेळी टॉवरला हाक देतात. फोर-जीत त्यासाठी ६४ संकेत असतात. मोबाइल त्यांतला कोणताही एक उचलतो. दोघांनी एकच उचलला, तर टक्कर होते आणि थोडे थांबून पुन्हा हाक द्यावी लागते.

ही टक्कर टाळणाऱ्या युक्तीच्या पेटंटसाठी उज्जैनचा अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो. परीक्षक पाहतो: युक्ती नवी आहे का? जाणकाराला सहज सुचली असती का? १९७०च्या कायद्यानुसार नुसती गणिती रीत चालत नाही. म्हणून ‘मोबाइल थांबतो’ एवढ्याने भागत नाही. किती थांबतो, कशावरून ठरवतो, हे दाव्यात नेमके यावे लागते.

अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो. तरी मी विद्यार्थ्यांना सांगतो, दावा आधी मराठीत लिहा. वाक्य अडले, तर युक्ती अजून पुरती उमगलेली नाही.