‘मेणासारखे’ म्हणजे कसे? : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उगम

एखाद्या इंग्रजी कथेत आजारी माणसाच्या चेहऱ्याला ‘वॅक्सन’ हे विशेषण लावलेले आढळते. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘मेणासारखा’ असा मिळतो. तेवढ्यावर विसंबून ‘त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता’ असे भाषांतर केले, तर मराठी वाचकाला मऊपणा जाणवेल. मूळ वाक्यात मात्र रक्त ओसरलेली, निर्जीव भासणारी त्वचा अभिप्रेत असते. ही चूक कशी घडते, हे समजण्यासाठी प्रथम या विशेषणांचा उगम पाहू.

१. दोन मुळे, तीन विशेषणे

मेणासाठी इंग्रजीत ‘वॅक्स’ हे जर्मानिक कुळातील नाम आहे. जर्मन भाषेतील ‘वाक्स’ हे त्याचे सगोत्र रूप होय. त्याला ‘-एन’ हा प्रत्यय लागून ‘वॅक्सन’ हे विशेषण होते. ‘वुडन’, ‘गोल्डन’ या शब्दांतही हाच प्रत्यय आहे. त्याचा मूळ अर्थ ‘त्या द्रव्याचे बनलेले’ असा आहे. पुढे ‘वॅक्सन’ला फिकटपणाची अर्थच्छटा प्राप्त झाली. त्याच नामापासून झालेले ‘वॅक्सी’ हे विशेषण व्यवहारात पोत आणि तुकतुकीत स्पर्श दर्शविते.

तिसरे विशेषण ‘सेरेशस’ हे आहे. ते लॅटिन भाषेतील ‘सेरा’, म्हणजे मेण, या शब्दापासून आले आहे. ‘-एशस’ हा प्रत्यय ‘त्या स्वरूपाचे’ असा अर्थ देतो. हे विशेषण प्रामुख्याने शास्त्रीय वर्णनात, उदाहरणार्थ बुरशीच्या पोताविषयी, येते आणि ते भावनिरपेक्ष असते. पोपट, कबुतर यांच्या चोचीच्या मुळाशी असलेल्या मेणासारख्या भागाचे ‘सिअर’ हे नावही ‘सेरा’पासूनच आले आहे.

२. मराठीतील ‘मेण’

संस्कृतात ‘मदन’ या शब्दाचा एक अर्थ मेण असा आहे. त्यापासून प्राकृतात ‘मयण’ आणि पुढे मराठीत ‘मेण’ हे रूप सिद्ध झाले. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. परंतु हाताच्या उबेनेही ते मऊ होते. मराठीने नेमका हाच गुण टिपला. म्हणून ‘मेणाहून मऊ’ हे मनाचे वर्णन ठरते. ‘मेणचट’ या विशेषणात मात्र नकोसा चिकटपणा आहे. चेहऱ्याचा फिकटपणा दर्शविण्यासाठी मराठी मेणाकडे सहसा वळत नाही.

३. भाषांतराच्या दृष्टीने

द्रव्य एकच असले, तरी प्रत्येक भाषा त्याचा वेगळा गुण निवडते. म्हणून चेहऱ्याच्या संदर्भात ‘वॅक्सन’साठी ‘पांढराफटक’ किंवा ‘निस्तेज’ हा शब्द योग्य ठरतो. शास्त्रीय लेखनातील ‘सेरेशस’साठी ‘मेणसदृश’ हा शब्द चालतो. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ दाखविते. त्याचा प्रचलित अर्थ मात्र वापरावरूनच ठरतो. शब्दकोश मिटण्यापूर्वी ‘येथे मेणाचा कोणता गुण अभिप्रेत आहे?’ हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘वॅक्सन’ आणि ‘सेरेशस’ यांच्या उगमातील व वापरातील फरक स्पष्ट करा.
२. लोणी, दगड आणि कापूस यांवरून मराठीत रूढ झालेली वर्णने लिहून, प्रत्येकात कोणता गुण निवडला आहे ते सांगा.