शिफ्ट सुटल्यावरचा माणूस

भिगवण म्हटले की डोळ्यांसमोर रोहित पक्षी येतात. हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर त्यांचे थवे उतरतात आणि लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसे होडीत बसतात. त्याच भिगवणला कागदाचा मोठा कारखाना आहे. ज्या गुळगुळीत आर्टपेपरवर रंगीत छायाचित्रे खुलतात, तशा जातीचा कागद तिथे तयार होतो. तो कागद करणारा, पाळ्यांमध्ये राबणारा माणूस मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही. बारामतीत पियाजिओच्या कारखान्यातून तीनचाकी ‘आपे’ बाहेर पडते. एमआयडीसीत लोखंड घडवले जाते, चॉकलेट बनते, कापड शिवले जाते. तरीही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे चित्र काढा म्हटले, तर हात ऊस, बैलगाडी आणि तुकोबांच्या पालखीतले बेलवाडीचे रिंगण यांकडेच वळतो. हे सारे खरेच आहे, पण अपुरे आहे. शहरी कष्टकऱ्याच्या रोजच्या जगण्याचे वास्तववादी चित्र हा मुंबईचा मक्ता नाही. गाव मोडून शहर घडत असते त्या जागेवर त्याची खरी गरज असते, आणि बारामती-इंदापूर आज नेमके त्या जागेवर उभे आहे.

मराठीत ‘वास्तववादी चित्र’ म्हणताना आपण बहुधा हुबेहूब चित्र म्हणतो. ही दोन्ही एक नव्हेत. मुंबईचे जे. जे. स्कूल 1857 साली सुरू झाले आणि हुबेहूबपणाचे कसब महाराष्ट्रात मुरले. सा. ल. हळदणकरांच्या चित्रातल्या बाईने ज्योतीआड धरलेला हात पाहिला, की ते कसब किती वरच्या दर्जाला पोचले होते हे कळते. पण वास्तववाद कसबाच्या आधी निवडीत असतो: कोणाला रंगवायचे आणि केवढे रंगवायचे. 1849 मध्ये गुस्ताव्ह कुर्बेने खडी फोडणारे दोघे रंगवले. म्हातारा गुडघा टेकून बसला आहे, टोपीच्या कडेखाली त्याचा चेहरा झाकला गेला आहे. पोरगा पाठमोरा, फाटक्या सदऱ्यात, दगडांची पाटी उचलतो आहे. ते चित्र 1945 साली ड्रेस्डेनजवळ युद्धात नष्ट झाले, आज त्याची छायाचित्रेच उरली आहेत. राजे-देवांच्या मापाचा कॅनव्हास खडीवाल्यांना दिला, हा त्यातला खरा धक्का होता. आणि कुर्बे पॅरिसचा नव्हता, ओर्नाँ नावाच्या लहानशा गावचा होता. त्याची अनेक गाजलेली चित्रे त्याच गावच्या आसपासची आहेत.

आपल्याकडे ही निवड साहित्यात आधी झाली. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबुराव बागूल यांनी कामगार आणि झोपडपट्टी मराठीच्या मध्यावर आणली. चित्रकलेत ते काम सुधीर पटवर्धनांनी निष्ठेने केले. जन्म 1949, पुण्याचा. शिक्षण लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात. पुढे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून तीन दशकांची प्रॅक्टिस. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977), ‘ट्रेन’ (1980), ‘ओव्हरब्रिज’ (1981) ही नावेच पाहावीत. त्यांत यंत्र नाही, कारखान्याचे दार नाही. त्यांचा कष्टकरी बहुधा कामावर नसतो; तो चहापुढे बसलेला असतो, रेल्वेच्या डब्यात असतो, पुलावर असतो. मला यातच त्यांची मोठी पकड दिसते. शिफ्ट सुटली म्हणून शीण सुटत नाही. तो खांद्यात, मानेत, टेकवलेल्या कोपरात साचून राहतो आणि चित्रकाराला तो तिथेच सापडतो. कुर्बेच्या खडीवाल्यांना चेहरा नव्हता, पटवर्धनांच्या माणसांना आहे. ‘लोअर परळ’ (2001) येते तेव्हा 1982 चा गिरणी संप होऊन जवळपास दोन दशके लोटलेली असतात आणि वस्तीच बदलते आहे. त्यांचे ठाणेही लक्षात घ्यायला हवे. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. ज्या महामंडळाने ते ठाणे घडवले, त्यानेच बारामतीची वसाहत आखली.

अशी चित्रे इथे काढावीत, यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना ब्रश कशाला? फोटो एक क्षण उचलतो. चित्रकाराला मात्र त्या माणसाचे वजन, बसण्याची ढब, मागची भिंत हे सारे एकेक करून ठरवावे लागते, आणि ते ठरवताना त्या माणसासोबत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. डॉक्टर असलेल्या मध्यमवर्गीयाने कामगार रंगवावा आणि ते चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात जावे, यात कष्टकऱ्याचे काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, आणि पटवर्धनांनी तो झटकलेला नाही. आपण रंगवतो त्या माणसांना चित्रात स्वतःची प्रतिमा सापडावी, ही कसोटी त्यांनी स्वतःच लावून घेतली. 2008-09 च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन घेऊन ते मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात फिरले. बाजार चित्र कुठेही नेवो, ते पाहायला मिळण्याची सोय गावात करता येते, एवढे त्यातून दिसले.

तिसरा आक्षेप इथलाच आहे: बारामती-इंदापूर कुठे शहर आहे, हा तर उसाचा मुलूख. पण इथले शहरीपण उसाला लागूनच वाढले आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस लाइट आली म्हणून तसाच पाणी धरायला जातो. भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात गाळप सुरू झाले, की मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की उठतात. ठाण्याची नक्कल करून हे रंगवता येणार नाही. गळ्यात कंपनीचे कार्ड आणि पायाला वाफ्याचा चिखल अशी आकृती मुंबईच्या चित्रात सापडणार नाही.

ती काढणारा हात इथेच असू शकतो. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांना शाळाशाळांतली मुले बसतात. त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो: रोज पाहिलेला प्रसंग, समोर काही न ठेवता, माणसांसकट कागदावर उतरवायचा. वडील कंपनीच्या बसमधून उतरून, रिकामा डबा हातात घेऊन घराकडे येतात, हा प्रसंग बारामतीतल्या कितीतरी पोरांना पाठ आहे.