भित्र्या पिल्लाला माणसाची सवय कशी होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या शेटफळ गावाचे नाव आपण ऐकलेच असेल. तेथे नागाला कोणी मारत नाही, घराच्या आढ्याला किंवा कोनाड्यात नागासाठी जागा राखलेली असते आणि तिला देवस्थान म्हणतात, असे सांगतात. ही हकीकत ऐकली की शाळेतली मुले गुरुजींना हमखास विचारतात, "मग साप माणसाळतो का हो? लहानपणापासून हाताळला तर तो आपल्याला ओळखतो का?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर नीट दिले नाही, तर ते शोधायला मुले बांधावर जातात आणि डबीत पिल्लू घालून वर्गात आणतात. म्हणून आज याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की साप हा मुळात भित्रा प्राणी आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत आणि शत्रू तर पुष्कळ. घार, मोर, मुंगूस, घोरपड सगळे त्याच्या मागे. त्यातून तो नुकता अंड्यातून निघालेला वीतभर जीव असला, तर वरून येणारी प्रत्येक सावली त्याला घारीची वाटते. मग तो काय करतो? आधी पळतो. पळता आले नाही तर वेटोळे करून डोके लपवतो. तेही साधले नाही तर फुत्कारतो, घाण वास सोडतो आणि अगदी शेवटी चावतो. नागाने फणा काढला म्हणजे तो रागावला किंवा नाचू लागला असे आपण म्हणतो. खरे पाहता तो भ्यालेला असतो. गारुड्याच्या पुंगीपुढे तो डोलतो तेही सुरावर नव्हे, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून.

सापाला बाहेरचे कान नाहीत. जमिनीचा हादरा त्याला जबड्याच्या हाडातून कळतो. पापण्या नाहीत, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. जीभ बाहेर काढून तो हवेतला गंध गोळा करतो आणि टाळूतल्या एका इंद्रियाकडे पोहोचवतो. म्हणजे आपण प्रेमाने हाक मारली, तर त्या हाकेचा अर्थ त्याला नाही. त्याला कळतो तो आपला वास, आपल्या हाताची ऊब आणि आपल्या पावलांचा हादरा.

आता परदेशी सापांचे पहा. आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, ज्याला बॉल पायथन म्हणतात, किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक हे बिनविषारी साप काही लोक बाळगतात. आपल्या देशात अशा काही परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी रीतसर नोंद करावी लागते. हे पाळणारे जाणते लोक भित्र्या पिल्लाला कसे सरावतात, ते ऐकण्यासारखे आहे.

बाजारातून नवे खोंड आणले की आपण त्याला पहिल्याच दिवशी जुंपत नाही. ते दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. आपण वाट पाहतो. येथेही तेच. पिल्लू आणल्यावर पहिला आठवडाभर त्याला हातच लावायचा नाही. लपायला अंधारी जागा, पाणी आणि एका बाजूला ऊब एवढे द्यायचे. ते दोनतीन वेळा बिनतक्रार जेवले, म्हणजे जागा मानवली असे समजायचे. जेवल्यावर दोन दिवस उचलायचे नाही, नाहीतर ते खाल्लेले ओकून टाकते. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर-दुधी होतात. तेव्हा त्याला धड दिसत नाही आणि ते अधिक बिचकते, म्हणून तेव्हाही नाही.

उचलायचे ते वरून झडप घालून नव्हे. हात स्वच्छ धुऊन, उंदराचा वास नाही हे पाहून, बाजूने सावकाश न्यायचा आणि अंगाखालून मधोमध आधार द्यायचा. मान धरायची नाही, शेपूट ओढायचे नाही. हाताची जणू फांदी करायची. ते सरकेल तसे सरकू द्यायचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. मग एक दिवस सोडून पुन्हा. ते फुत्कारले तर हात झटकायचा नाही. स्थिर राहायचे, शांत झाले की परत ठेवायचे. कारण फुत्कारताच सोडले तर फुत्कारल्याने सुटका होते, हे ते शिकते. मान नागमोडी आखडली, श्वास जोराने चालला, शेपूट थरथरले की ते भ्याले आहे. जीभ सावकाश आतबाहेर करत ते हळूहळू फिरू लागले की भीती ओसरली आहे. नंतर हात साबणाने धुवायचे, कारण सापाच्या अंगावर आजाराचे जंतू असू शकतात.

अशा रीतीने काही आठवड्यांत पिल्लू सरावते. पण ध्यानात घ्या, सरावणे वेगळे आणि माया लागणे वेगळे. कुत्रा धन्यावर जीव टाकतो. साप इतकेच शिकतो की या हातापासून अपाय नाही.

गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना सांगावयाची मुख्य गोष्ट आता येते. हे सारे आपल्या रानातल्या सापाच्या पिल्लावर करून पाहायचे नाही. का ते ऐका.

नागाचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हाच त्याच्याजवळ विष असते. घोणस अंडी घालत नाही, तिला पिल्लेच होतात, आणि तीही जन्मतः विषारी. शिवाय ओळखण्यात घोटाळा होतो. घोणशीच्या अंगावरचे ठिपके पाहून अजगराचे पिल्लू म्हणून ती उचलली जाते. बिनविषारी कवड्या आणि अति विषारी मण्यार हे दोघेही काळपट, अंगावर पांढरे पट्टे असलेले. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात; मण्यारीचे शेपटीकडे ठळक. पण ही खूण वहीत लिहून घेण्यासाठी आहे, हातात धरून पडताळण्यासाठी नव्हे.

कायदाही हेच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याप्रमाणे आपले रानटी साप पकडणे, बाळगणे, त्यांचे खेळ करणे हा गुन्हा आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीने नाग, घोणस आणि धामण यांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. कायदा कडक झाला तो उगीच नाही. दूध पाजण्यासाठी उपाशीतापाशी ठेवलेले, दात पाडलेले, तोंड शिवलेले नाग नागपंचमीला दारोदार फिरत आणि पुढे मरत. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकुळ झालेला साप काहीही पितो, इतकेच.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसह काचेच्या खोलीत ७२ तास काढले. ते साप काही त्यांनी माणसाळवले नव्हते. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. अर्थात हे जाणकाराचे काम. आपण त्यातला धडा तेवढा घ्यावा. शेटफळच्या गोष्टीचेही मर्म तेच असावे. साप माणसाळलेला नसून माणसे सरावलेली आहेत. धावायचे नाही, ओरडायचे नाही, त्याची वाट अडवायची नाही.

तेव्हा सराव करावयाचा तो आपणच. घरात साप दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला दूर न्यावे, लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. रात्री शेतात जाताना बॅटरी आणि पायात बूट असावेत. जमिनीवर निजू नये. खाटेवर मच्छरदाणी खोचून निजावे, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरते. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता, १०८ ची गाडी बोलावून सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी लस आहे. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. त्यांतली पुष्कळशी खेड्यांतली, शेतात राबणारी होती आणि अनेकांना दवाखाना वेळेवर लाभला नाही.

तेव्हा गुरुजी, एखाद्या मुलाने "साप माणसाळतो का?" असे विचारले, तर त्याला गप्प करू नका. फळ्यावर कवड्या आणि मण्यार काढून दाखवा, आणि सांगा की बाळ, उंदीर खाऊन आपली ज्वारी राखणारा तो भित्रा शेजारी आहे. त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिले, की दोघेही सुखी.