क्रोशाचे पहिले फूल

रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलून पाहायचा, "किती नाजूक काम आहे गं!" म्हणायचे आणि लगेच "आपल्याला नाही बाई जमायचं" म्हणत पुढच्या ताटाकडे वळायचे. असे करणाऱ्या पुष्कळ जणी असतात. मैत्रिणींनो, तुम्ही त्यांतल्याच असाल तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. एवढा मोठा रुमालसुद्धा तीन-चार टाक्यांतूनच झालेला असतो, आणि ते टाके एका छोट्याशा फुलात शिकून होतात.

बऱ्याच जणी सुरुवातच रुमालाने करतात. तो अर्ध्यावर कंटाळवाणा होतो आणि पिशवीत जाऊन बसतो. फुलाचे तसे नाही. भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात ते पुरे होते. बिघडले तर उसवायचे, चार हात लोकरीचा प्रश्न! क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास उरतो. त्यामुळे उसवणेही सोपे आणि मूल रडले म्हणून काम मध्येच ठेवणेही सोपे. दोन सुयांच्या विणकामात टाके सुटण्याची जी धास्ती असते, ती इथे नाही.

आमचे सापगाव शहापूरला लागून, भातसा नदीच्या काठी आहे. पावसाळ्यात इथे दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. माझी शाळा अर्ध्या वेळेची, त्यामुळे त्या दिवसांत चार-पाच जणी माझ्या ओटीवर येऊन बसतात. पुढची पद्धत त्यांना शिकवता शिकवताच ठरत गेली आहे.

पहिले फूल बारीक सुती दोऱ्याचे करू नका. मध्यम जाडीची लोकर आणि ३.५ मि.मी.ची सुई घ्या. आकडा सुईच्या दांड्यावर कोरलेला असतो. रंग फिका घ्यावा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाक्यांची घरे दिसत नाहीत आणि दिव्याखाली डोळे फोडावे लागतात. लोकर शहापूरच्या बाजारात मिळते. रंगांची निवड हवीच असेल तर आसनगावहून गाडी पकडून कल्याण गाठावे, पण पहिल्या फुलासाठी एवढी यातायात नको. घरातल्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकरही चालते. फक्त ती धुऊन, वाळवून, सरळ करून घ्या.

सुई पेन्सिलीसारखी धरा नाहीतर सुरीसारखी, दोन्ही बरोबर. दोऱ्याकडे मात्र लक्ष हवे. डाव्या हाताच्या करंगळीला एक वेढा द्या, दोरा तर्जनीवरून पुढे आणा आणि अंगठा व मधल्या बोटाने काम धरा. दोरा बोटांतून अडखळत नव्हे, सरकत आला पाहिजे. नवशिकीचा पहिला शत्रू म्हणजे आवळलेला हात. साखळीच्या घरात सुई शिरेना, की समजावे आपण दोरा फार ओढतो आहोत.

आता टाके. सरकता फास करून सुईवर चढवा. दोरा सुईवर घेऊन त्या फासातून बाहेर ओढा. ही झाली एक साखळी. अशा ५ साखळ्या करा. सुई पहिल्या साखळीत घाला, दोरा घ्या आणि एकदमच सगळ्यांतून ओढून काढा. हा जोडटाका. याने गोल कडे तयार झाले.

मुका खांब म्हणजे बुटका टाका. सुई घरात घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांब त्याहून उंच. त्यासाठी आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई घरात घालून दोरा आणायचा. आता तीन फास झाले. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. फुलासाठी लागणारे टाके एवढेच. हातात सुई घेऊन हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा, म्हणजे कळेल. नुसता वाचून कुणालाच कळत नाही!

पहिली फेरी अशी: कड्यावर आले की १ साखळी करा आणि कड्याच्या मधल्या भोकात १० मुके खांब घाला. सुरुवातीचे दोऱ्याचे टोक कड्यालगत धरून त्याच्यावरूनच टाके घाला, म्हणजे ते आपोआप आत लपते. शेवटी पहिल्या मुक्या खांबात जोडटाका. आता मोजा. दहाच हवेत. नऊ झाले तर पाचवी पाकळी बसायला जागा उरत नाही, आणि मग "कृतीच चुकीची छापली" असे आम्हा लिहिणाऱ्यांच्या नावाने खापर फुटते!

दुसरी फेरी पाकळ्यांची. पुढच्या एकाच घरात १ मुका खांब, ३ खांब, १ मुका खांब असे पाच टाके घाला. त्याच्या पुढच्या घरात नुसता जोडटाका. झाली एक पाकळी! असेच पुढे करत गेलात की पाचव्या पाकळीनंतरचा जोडटाका पहिल्या घरातच येतो. प्रत्येक वेळी सुई घराच्या वरच्या दोन्ही धाग्यांखालून गेली पाहिजे. एकाच धाग्यात घातली तर पाकळी सैल लोंबते.

एका घरात पाच टाके का, असे एकीने विचारले होते. प्रश्न चांगला आहे. जागा एका टाक्याची आणि बसवायचे पाच, म्हणून बाहेरची कड पसरते आणि अर्धगोल होतो. पाचाचे सात केलेत तर पाकळीला झालर पडते. टाके वाढवत नेले की कापड सपाट राहू शकत नाही, ते लाटांसारखे वळते. याच गोष्टीचा उपयोग करून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली क्रोशाच्या सुईने भूमितीतला एक अवघड पृष्ठभाग विणला आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिला. कागदावर जो दाखवणे कठीण, तो लोकरीत सहज झाला.

फूल आणखी भरदार हवे असेल तर मागून दुसरा थर घाला. काम उलटे करून, पाकळ्यांच्या मधल्या जोडटाक्यांच्या मागे सुई घालत, ४-४ साखळ्यांच्या पाच कमानी करा. मग प्रत्येक कमानीत १ मुका खांब, ५ खांब, १ मुका खांब. पुढच्या पाकळ्या उठून दिसतात आणि मागच्या त्यांना आधार देतात. थरांचे असे गुलाब आयर्लंडच्या क्रोशाकामात प्रसिद्ध आहेत. तिकडे १८४५पासून बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला. १८४७च्या सुमारास क्लोनिस गावात तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसॅन्ड्रा हँड यांनी गरीब बायकांना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. एकीने गुलाब करायचा, दुसरीने पान, तिसरीने सगळे जाळीने जोडायचे, अशी वाटणी असे. या फुलांवर कित्येक घरांची चूल पेटली.

आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजवली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. त्यात त्यांनी दाखवले, की लेस परदेशी जात होती, व्यापारी पैसा कमावत होते, आणि घरात बसून विणणारीचे काम मात्र 'रिकाम्या वेळचा उद्योग' धरले जात होते. ती गृहिणी ना, मग तिला मजुरी कसली! म्हणून दरही तसेच तुटपुंजे.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्या ओटीवर येणाऱ्या एका वहिनींचा हात फार साफ झाला आहे. एका दुकानदाराने त्यांच्याकडे तोरणासाठी शंभर फुले मागितली. लोकर तो देणार, वर फुलाला ४ रुपये. घरच्यांनी म्हटले, "बसल्या बसल्या चारशे मिळतात, काय वाईट आहे?" वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमचं घड्याळ जरा समोर ठेवा." दहा फुले केली, टोके लपवण्यासकट. ऐंशी मिनिटे लागली. म्हणजे शंभराला तेरा तासांच्या वर, आणि तासाचे पडले ३० रुपये. त्यांनी ८ रुपये सांगितले. दुकानदार "पाहतो" म्हणून गेला आणि पंधरवड्याने येऊन ६ रुपयांनी चाळीसच घेऊन गेला. वहिनींच्या सासूबाईंना अजून वाटते की गिऱ्हाईक घालवले. मला तसे वाटत नाही. विकायचे असो वा नसो, एकदा घड्याळ लावून पाहाच. नणंदेला भेट दिलेल्या तोरणात आपले किती तास गेले, हे निदान आपल्याला तरी ठाऊक असावे.

मोबाईलवर पाहून पुढचे नमुने करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन नावे वेगळी आहेत. अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. आपल्या खांबाला अमेरिकन 'डबल' म्हणतात, तर ब्रिटिश 'ट्रेबल'. शिकवणारी कुठली आहे हे आधी पाहा, नाहीतर फूल निम्मे तरी होईल नाहीतर दुप्पट.

शेवटचे टोक वीतभर ठेवून कापा, फासातून ओढून घ्या आणि बोथट सुईने मागच्या टाक्यांतून एकदा पुढे, एकदा उलटे असे ओवा. गाठ मारून लगेच कापलेले टोक धुण्यात हमखास सुटते. फ्रॉकवरचा न जाणारा डाग झाकायला हे फूल उत्तम. उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यावरही छान दिसते. तान्ह्या बाळाच्या टोपड्यावर लावणार असाल तर मध्ये मणी शिवू नका, बाळ ओढून तोंडात घालते. नकली लोकरीवर तापलेली इस्त्री ठेवायची नाही, ती वितळते. हात बसल्यावर सुती दोऱ्याची फुले करा. ती भाताच्या पातळ, गाळलेल्या पेजेत बुडवून, पाकळ्या बोटांनी नीट करून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी पाटावर ताणून सावलीत वाळवा. लाल दोरा असेल तर आधी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग जात असेल तर त्याचे फूल पांढऱ्या कपड्यावर शिवू नका.