एमसीएचं दार उघडं, ओसरी मात्र गेली

नवी मुंबईत सध्या परदेशी पदवीची हवा आहे. विमानतळाजवळच्या ‘एज्युसिटी’साठी जून २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच जणांना इरादापत्रं मिळाली. तेव्हापासून नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांत ‘आता इथंच यॉर्क’ अशी चर्चा ऐकू येते. त्याच सोसायट्यांतली बीकॉम, बीएस्सी झालेली मुलं मात्र दुसऱ्याच विवंचनेत असतात. एमसीए या संगणकातल्या पदव्युत्तर पदवीची सीईटी, मग कॅपच्या म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या आणि त्याआधीचा मूळ प्रश्न: पदवी संगणकाची नसेल तर आपल्याला कोण घेणार?

उत्तर सोपं आहे. घेतात. खरी अडचण घेतल्यानंतर सुरू होते.

ब्रिटनमध्ये अशा मुलांसाठी ‘कन्व्हर्जन एमएस्सी’ नावाची वेगळी सोय आहे. इतिहास, जीवशास्त्र, संगीत, पदवी कशातलीही चालते. वर्षभरात प्रोग्रामिंग अगदी मुळापासून शिकवतात आणि गंमत म्हणजे आधीच संगणकाची पदवी असलेल्याला बहुतेक ठिकाणी या वर्गात घेतच नाहीत. तयार गडी आणि नवशिका एका वर्गात बसले की नवशिका गप्प बसतो, हे त्यांनी ओळखलंय. अर्थात तिकडची फी घरावर कर्ज काढायला लावणारी, आणि शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबायची दोन वर्षांची मुदतही जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार. त्यामुळे हा रस्ता सरसकट सुचवण्यासारखा नाही.

पण ही कल्पना काही विलायतेतून यायला नको होती. ती आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच अमलात आली होती. तिचे जनक प्रा. व्ही. राजारामन.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले. बातम्यांमध्ये नारायण मूर्तींचे गुरू म्हणून त्यांची ओळख दिली गेली. त्यांचं मोठं काम त्यामुळे झाकलं गेलं असं मला वाटतं. आयआयटी कानपूरमध्ये १९६५ साली संगणकशास्त्राचं एमटेकचं शिक्षण सुरू झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा. तेव्हा देशात संगणकाची पदवी मुळात नव्हतीच, त्यामुळे त्या वर्गात येणारा प्रत्येक जण ‘बाहेरचा’. नारायण मूर्ती स्वतः इलेक्ट्रिकलचे. खुद्द राजारामन दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले, मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत इलेक्ट्रिकल, पुढे एमआयटी आणि विस्कॉन्सिन.

ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर देशाला संगणकाची माणसं किती आणि कुठून मिळणार, यावर विचार करायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अभियंते मोजके होते. विज्ञान आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर मात्र देशभर पसरलेले. बँका, विमा, कारखान्यांचे हिशेब संगणकावर जाणार असतील तर हिशेब कळणारा माणूस हवा, आणि त्याला संगणक शिकवता येतो. समितीने सुचवलेला अभ्यासक्रम म्हणजे एमसीए. गणिताची बैठक असलेल्या कोणत्याही पदवीधरासाठी, तीन वर्षांचा. म्हणजे एमसीए हे संगणकवाल्यांचं पुढचं शिक्षण म्हणून जन्मलंच नव्हतं. ते बिगर-संगणकवाल्यांसाठीच काढलेलं होतं.

मग बीसीए आलं, बीएस्सी आयटी आलं. त्या मुलांना एमसीएच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला. मांडणी शहाणपणाची होती: बीकॉमवाला पहिल्या वर्षाला, बीसीएवाला दुसऱ्या, आणि दोघं एकत्र बाहेर. २०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एमसीए दोन वर्षांचं केलं. कागदावर वर्ष वाचलं, फी वाचली. प्रत्यक्षात जे कापलं गेलं ते बीकॉमवाल्याचं पहिलं वर्ष. घराचं दार तसंच ठेवून ओसरी पाडावी, तसं झालं. चपला काढायला, दम घ्यायला जागाच उरली नाही.

मुंबई विद्यापीठाचा २०२० चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहा. पहिल्याच सत्रात ‘ॲडव्हान्स्ड डेटा स्ट्रक्चर्स’, सोबत ‘ॲडव्हान्स्ड डेटाबेस’. ज्या मुलाने साधं डेटा स्ट्रक्चर पाहिलेलं नाही, त्याला सुरुवातच प्रगतपासून. मधली दरी बुजवायला ‘ब्रिज कोर्स’ आहे. तो किती तासांचा, कोण शिकवणार, नेहमीच्या तासांच्या आधी की त्यांच्या जोडीला, हे सगळं ज्या त्या विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्या मनावर.

प्रवेशाच्या अटी बहुतेकांना तोंडपाठ असतात: पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५, आणि बारावीला किंवा पदवीला गणित. चुकतं ते गणितापाशी. आपल्याकडे अकरावी कॉमर्सला मुलं गणित सोडून ‘एसपी’, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती घेतात. सोळाव्या वर्षी मार्कांसाठी घेतलेला तो निर्णय एकविसाव्या वर्षी आडवा येतो. तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ च्या हस्तपुस्तिकेत ही अट सैल केली. गणित नसलेल्यांना सक्तीचा ब्रिज कोर्स सांगितला. पण प्रवेश मिळतो तो राज्याच्या सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे. ती आधी वाचा. एफवाय बीकॉमला गणित-संख्याशास्त्राचा पेपर असेल, तर ती गुणपत्रिका घेऊन सुविधा केंद्रात जा आणि उत्तर लेखी घ्या. क्लासवाल्याच्या शब्दावर विसंबू नका.

सीईटीची भीती मात्र फुकाची आहे. अलीकडच्या परीक्षांत १०० पैकी ३० प्रश्न गणित-संख्याशास्त्राचे, ३० तर्काचे, २० इंग्रजीचे. संगणकाचे उरलेले २०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे ८० प्रश्नांत बीसीएवाला आणि बीएस्सी मॅथ्सवाला एकाच रेषेवर. माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं एसपीआयटी यांच्यासाठी चुरस जीवघेणी असते. बेलापूरचं भारती विद्यापीठ किंवा नेरूळचं स्टर्लिंग घराजवळ आहेत, आणि रोजचे लोकलचे दोन तास वाचले तर ते प्रोग्रामिंगला देता येतात. हा हिशेब कमी लेखू नका.

आणखी एक रस्ता खारघर स्थानकाजवळच आहे. सी-डॅक या संस्थेचा पीजी-डॅक अभ्यासक्रम, सहा महिन्यांचा, सुमारे ९०० तासांचा. मेकॅनिकल-सिव्हिलचे अभियंते तिथे गर्दी करतात आणि त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. पण ती पदविका आहे, पदव्युत्तर पदवी नव्हे, आणि नुसत्या बीकॉमवर तिथे दार उघडत नाही. म्हणून बीकॉमवाल्याला एमसीएच उरतं.

नोकरीच्या बाजूने पाहिलं तर या खटाटोपाला अर्थ आहे. मोठ्या आयटी कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत एमसीए बहुधा अभियंत्यांच्या रांगेत बसतं. मात्र अनेक कंपन्या दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के मागतात. बारावीला घसरलेल्याने हे प्रवेशाआधीच बघावं, शेवटच्या सत्रात नव्हे.

माझं म्हणणं एवढंच. तीन वर्षं सगळ्यांवर लादू नका, पण बिगर-संगणक पदवीधरासाठी एक पूर्ण सत्र परत आणा, पूर्ण वेळेचं, श्रेयांकांसह. परदेशी विद्यापीठांना जागा देणाऱ्या राज्याला एवढं जड नाही. तोवर मुलांनी वाट बघू नये. सीईटी आणि वर्ग सुरू होणं यांमध्ये काही आठवडे मिळतात. त्यात पायथन किंवा सी, आणि डेटा स्ट्रक्चरची प्राथमिक ओळख एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट करून घ्यावी. आणि पसंतीक्रम भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन विचारावं: ब्रिज कोर्सचे तास किती? शिकवतो कोण? गेल्या वर्षी बिगर-संगणक मुलं किती होती, आणि त्यातली पहिल्या सत्रात किती पास झाली? ज्या महाविद्यालयाला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ते यादीत खाली टाकावं, मग त्याची इमारत कितीही चकचकीत असो.