साबणाचे मोठे फुगे आणि बोअरचे पाणी



पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘साबणाचे फुगे’ हा विषय वाचून काही मंडळी हसली असतील. ज्याचे आयुष्य जिनिंगच्या कामगारांत आणि मोंढ्यातल्या हमालांत गेले, त्याने मजुरीच्या दरांवर बोलावे; हा पोरखेळ कशाला? परंतु लंडनमध्ये 1889-90 च्या हिवाळ्यात सी. व्ही. बॉइज या शास्त्रज्ञाने मुलांपुढे याच विषयावर व्याख्याने दिली होती, तेव्हा व्यासपीठावर हा विषय आम्ही प्रथमच आणतो आहोत असे नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे थोडेफार पदार्थविज्ञान कळले ते वाचनालयात बसून आणि हे फुगे काढून.

परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या कामगार वस्तीत आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेत असू. एप्रिलातली दुपार. बोअरच्या पाण्यात कपड्यांचा साबण किसून कालवला, तारेचे हातभर रुंद कडे त्यात बुडवले आणि उचलले. पडदा धरेचना. पाण्यावर पांढरट साय मात्र आली. मुले म्हणाली, “भाऊ, जोरात फुंका.” फुंकून फुंकून छाती भरून आली, पण हाती काही लागले नाही. दोष आमच्या दमात नव्हता, पाण्यात होता.

आपल्याकडचे बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. साबण आधी या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारी साय बनतो. ते सगळे क्षार संपले, की मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. म्हणजे अर्धी वडी कपड्याला न लागताच खर्ची पडते. त्या वस्तीतल्या बायका हेच सांगत होत्या, आणि तिथला मुनीम म्हणे, “बायकांना हिशेब नाही, साबण उधळतात.” पावसाळा लागल्यावर आम्ही पन्हाळीखाली पाणी धरले. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत पावसाचे पाणी, दुसरीत बोअरचे, दोहोंत सारखाच साबण, आणि मुनिमाच्या टेबलावरच त्या हलवल्या. एक गळ्यापर्यंत फेसाने भरली; दुसरीत साय. त्या वर्षीच्या मागण्यांत धुण्यासाठी गोड्या पाण्याचे कलम आम्ही घातले, आणि त्यावर फारशी घासाघीस झाली नाही.

साबणामुळे पाणी बळकट होते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती उलटी आहे. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात. या ओढीला पृष्ठताण म्हणतात, आणि तिच्यामुळेच नुसत्या पाण्याचा पडदा टिकत नाही, आखडून त्याचे थेंब होतात. साबण हा ताण सुमारे एक तृतीयांशावर आणतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून पळते. म्हणून पडद्याच्या दोन्ही अंगांना साबण आणि मध्ये पाणी अशी रचना होते. पडदा कुठे अधिक ताणला गेला, की तिथला साबण विरळ होतो, तिथला ताण वाढतो, आणि शेजारचा द्रव तिकडे ओढला जाऊन पातळ जागा भरून निघते. संघटनेतल्या माणसाला हे पाहून थोडे समाधान वाटते, हे कबूल केले पाहिजे.

बेल्जियममधील गेंट हेही कापडगिरण्यांचे गाव. तेथील प्राध्यापक जोझेफ प्लाटो यांनी या पडद्यांचे नियम 1873 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांची दृष्टी जाऊन सुमारे 30 वर्षे झाली होती. प्रयोग इतरांनी करायचे, दिसले ते सांगायचे, आणि विचार यांनी करायचा.

आता कृती. कोमट पाणी 1 लिटर, शक्यतो पावसाचे. भांडी घासण्याचा पातळ साबण 50 मिलिलिटर. हा जड पाण्यातही साय धरत नाही, म्हणून वडीपेक्षा बरा. आणि 2 ते 3 ग्रॅम गवारगम. ज्या गवारीच्या शेंगांची आपण भाजी करतो, तिच्याच बियांची ही पूड. बेकरीचे सामान विकणाऱ्याकडे मिळते. ती थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. आधी दोन चमचे ग्लिसरीनमध्ये कालवावी, मग पाण्यात सोडून दहा मिनिटे हलक्या हाताने ढवळावी. साबण शेवटी, फेस न करता. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2020 साली दाखवून दिले, की अशा पदार्थांचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि पडद्याला ताणूनही तुटू देत नाहीत. त्यातही लांब-आखूड रेणूंची मिसळ असली तर पडदा अधिक टिकतो. अमेरिकेतच 2015 साली काढलेला एक फुगा सुमारे 96 घनमीटरांचा भरला. आपल्या एखाद्या बैठकीच्या खोलीत तो मावणार नाही.

तारेचे कडे टाकून द्यावे. तार द्रव पीत नाही, आणि मोठ्या फुग्याला सतत द्रव लागतो. वेळूच्या दोन काठ्या घ्याव्या. त्यांच्या टोकांना हातभर लांबीची सुती दोरी बांधावी, आणि त्याच टोकांना खाली लोंबणारी तिच्या दुपटीहून लांब दुसरी दोरी. लोंबत्या दोरीच्या मध्यावर एक लोखंडी नट ओवावा, म्हणजे त्रिकोण उघडा राहतो. दोरी स्टोव्हच्या वातीसारखी सैल पिळाची हवी. नायलॉनची चालत नाही. कापसाच्या जिल्ह्यात ती शोधावी लागू नये. काठ्या जुळवून दोरी घमेल्यात पूर्ण बुडवायची, हळूच वर काढायची, काठ्या फाकवायच्या आणि मागे पाऊल टाकत चालायचे. फुंकायचे मुळीच नाही. हवा आपोआप भरते. फुगा पुरेसा झाला, की काठ्या पुन्हा जुळवल्या म्हणजे तो सुटतो.

राहिली वेळ. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा 42 अंशांवर असताना, पडद्यातले पाणी बघता बघता उडते. ग्लिसरीन ते थोडे धरून ठेवते, पण दुपारपुढे त्याचेही चालत नाही. उजाडताना, वारा पडलेला असताना, किंवा श्रावणात सर येऊन गेल्यावर करून पाहावे. फरशीवर करू नये, पाय घसरतो. मातीचे अंगण उत्तम. उरलेले द्रावण झाकून ठेवावे. रात्रभर मुरले की गवारगम पुरता फुलतो, आणि दुसऱ्या दिवशीचे फुगे पहिल्या दिवसापेक्षा मोठे निघतात.