माळेतला एक मणी: सिकलसेल समजून घेऊ या

लोहाऱ्याच्या वस्त्यांतच नव्हे, विदर्भात कुठेही एखादी माय सांगते, "लेकराचं अंग सारखं ठणकतं, रक्त कमी आहे." टॉनिक होतं, लोहाच्या गोळ्या होतात, कुणी देवऋष्याकडेही नेतं. रक्ताची एक साधी तपासणी तेवढी राहून जाते.

रक्तात काय घडतं?

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुप्फुसातून प्राणवायू उचलून तो शरीरभर पोचवणं हे त्याचं काम. ते चार साखळ्यांचं बनतं: दोन अल्फा, दोन बीटा. माळेत मणी ओवावेत तशी प्रत्येक बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमका मणी व्हर्नन इनग्राम यांनी १९५७ मध्ये शोधला.

असं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडलं की एकमेकांना चिकटतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि लवकर चिकटतं. यवतमाळचा उन्हाळा, उन्हातली मजुरी, ताप, हगवण यांत त्रास वाढतो तो यामुळेच. कडाक्याची थंडीही बाधते.

आपल्यातच का?

जिथे मलेरिया खूप होता तिथे हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण एकच सदोष जनुक असलेली मुलं गंभीर मलेरियातून अधिक वाचली. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात याचं प्रमाण जास्त आहे. हा शाप नाही, मागच्या जन्माचं पाप नाही, आणि एकट्या आईचा दोष तर मुळीच नाही. जनुक आई आणि बाप दोघांकडून येतं.

एएस आणि एसएस

एकाच पालकाकडून सदोष जनुक आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. दोघांकडून आलं तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिका नको, रक्ताचा अहवाल बघा. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस ते ठरतं. वाहक मुलीचं लग्न मोडायचं कारण नाही. जोडीदार वाहक किंवा रुग्ण नसला की बाळ एसएस होत नाही. दोघं वाहक असून लग्न झालेलंच असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते.

घरात रुग्ण असेल तर

- दिवसभर पाणी पाजत राहा. शाळेतही बाटली द्या.
- फॉलिक आम्लाची गोळी आणि डॉक्टरांनी दिलं असल्यास हायड्रॉक्सियुरिया चुकवू नका.
- लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. इथे रक्त पेशी फुटल्यामुळे कमी होतं, लोहाअभावी असेलच असं नाही.
- ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक एका बाजूची कमजोरी किंवा पोटात डावीकडे गाठ वाढणं दिसलं तर घरी थांबू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. आणि येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एकमेकांना एवढंच विचारा: तुमच्या घरातल्या लग्नाच्या पोरापोरींची तपासणी झाली का?